सभागृह परत आलं, आता जाब कोणाला विचारायचा?

महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांमध्ये जवळपास चार वर्षं लोकांनी निवडून दिलेलं सभागृह नव्हतं. नागपूर महापालिकेची मुदत ४ मार्च २०२२ ला संपली, मुंबईची ७ मार्चला, पुण्याची १४ मार्चला. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर ही शहरं तर २०२० पासूनच सरकारने नेमलेल्या प्रशासकांच्या, म्हणजे आयुक्तांच्या हाती होती. अखेर १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांसाठी मतदान झालं, नगरसेवक आले, महापौर आले, हारतुरे झाले. मधल्या काळाबद्दल मात्र कोणी बोलायला तयार नाही. तो काळ जणू एखाद्या तांत्रिक अडचणीचा होता आणि आता सगळं सुरळीत झालं, असा सूर दिसतो. मला तो मान्य नाही. त्या चार वर्षांत आपण काय गमावलं याचा हिशेब मांडला नाही, तर पुढच्या वेळी ते याहून सहज गमावू.

अडचण अशी की ते गमावल्याचं अनेकांना वाटतच नाही. सोसायटीच्या सभेत, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर या काळात एक वाक्य सतत ऐकू यायचं : ‘बरं झालं नगरसेवक नाहीत ते. आयुक्त निदान शिकलेला असतो, फ्लेक्स तरी लावत नाही.’ हे बोलणारी माणसं वाईट नाहीत. वेळेवर कर भरतात, ओला-सुका कचरा वेगळा करतात, मतदानालाही जातात. नगरसेवकाचा त्यांचा अनुभव म्हणजे चौकातले वाढदिवसाचे फलक, अर्धवट पेव्हर ब्लॉक आणि टक्केवारीच्या बातम्या. त्यांचा राग खरा आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो घातकही आहे.

७४वी घटनादुरुस्ती १९९३ च्या जूनमध्ये लागू झाली ती नेमक्या याच धोक्यासाठी. त्याआधी राज्य सरकारं मनात येईल तेव्हा नगरपालिका बरखास्त करायची आणि वर्षानुवर्षं निवडणुका घ्यायची नाहीत. म्हणून घटनेत कलम २४३-यू आलं. पालिकेची मुदत पाच वर्षं, ती संपण्याआधी निवडणूक व्हायलाच हवी, आणि सभागृह मध्येच बरखास्त झालं तर सहा महिन्यांच्या आत. यात पळवाट नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात वेळेवर निवडणूक घेणं हे निवडणूक आयोगाचं घटनात्मक कर्तव्य असल्याचं स्पष्ट केलं होतं. एवढं असूनही छत्रपती संभाजीनगरमध्ये एप्रिल २०२० ते जानेवारी २०२६, म्हणजे पाच वर्षांच्या पूर्ण मुदतीपेक्षाही जास्त काळ सभागृह नव्हतं. २०२० मध्ये अठरा वर्षांची झालेली तिथली मुलगी महापालिकेसाठी पहिलं मत देईपर्यंत चोविशीला आली.

हे का झालं याचं ठरलेलं उत्तर आहे, ओबीसी आरक्षण. ते अर्धंच खरं आहे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी चाचणीची अट घातली : स्वतंत्र आयोग नेमा, मागासलेपणाची आकडेवारी गोळा करा आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा. इतर मागासवर्गाला स्थानिक सत्तेत वाटा मिळालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण आकडेवारी गोळा करण्याचं काम सरकारचं होतं, ओबीसी मतदाराचं नव्हतं. त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये न्यायालयासमोर आला. पुढच्याच महिन्यात ‘जैसे थे’चा आदेश निघाला आणि तारखांवर तारखा पडत राहिल्या. ६ मे २०२५ ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरका असं सांगितलं, तीही मुदत पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली. दरम्यान प्रभागांची मोडतोड चालूच होती. महाविकास आघाडीने मुंबईतल्या जागा २२७ वरून २३६ केल्या, शिंदे सरकारने त्या पुन्हा २२७ वर आणल्या. प्रत्येक बदलाबरोबर नवा नकाशा, नव्या हरकती, नव्या याचिका. आघाडी असो वा महायुती, निवडणूक लवकर व्हावी म्हणून सत्तेत असताना कोणी जिवाचं रान केल्याचं मला तरी आठवत नाही. कारण उघड आहे. महापालिकेत प्रशासक असला की महापालिका मंत्रालयातून चालते.

ती कशी चालते हे जरा जवळून पाहू. पुण्यासारख्या महापालिकेत मोठ्या रकमेची निविदा आयुक्त स्थायी समितीपुढे ठेवतात. समितीत सोळा सभासद असतात, त्यात विरोधी पक्षांचेही. विषयपत्रिका आधी निघते, ती पत्रकारांच्या हाती पडते, एखादा सभासद ‘दर इतका कसा वाढला?’ म्हणून अडून बसतो, विषय तहकूब होतो. धोरणाचे प्रश्न मुख्य सभेत जातात. तिथे प्रश्नोत्तरं असतात, तहकुबी सूचना असते, हरकतीचा मुद्दा असतो, आणि बोललेला शब्द इतिवृत्तात नोंदला जातो. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव मांडणारे आयुक्त, तो मंजूर करणारी स्थायी समिती म्हणजे आयुक्त, आणि मुख्य सभा म्हणजेही आयुक्तच. एकाच माणसाने एका अधिकारात शिफारस करायची आणि दुसऱ्या अधिकारात ती स्वीकारायची. पुण्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प १२,६१८ कोटींचा होता आणि मुंबईचा ७४,४२७ कोटींचा. मुंबईत या काळात अतिरिक्त आयुक्त आपल्याच वरिष्ठाला, म्हणजे प्रशासकाला, अर्थसंकल्प सादर करत होते. काही छोट्या राज्यांच्या अर्थसंकल्पापेक्षा मोठी ही रक्कम, आणि तिच्यावर निवडून आलेल्या एकाही माणसाची चर्चा नाही, एकही कपातसूचना नाही.

अधिकारी भ्रष्ट होते असं मला सुचवायचं नाही. या काळातले काही आयुक्त कर्तबगार होते, रात्री-अपरात्री नालेसफाई पाहायला उतरणारे होते. पण कर्तबगारी आणि उत्तरदायित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयुक्ताची बदली मुख्यमंत्री करतात, माझा मोहल्ला नाही. त्यामुळे तो कितीही सज्जन असला तरी त्याची नजर वर जाणार. मुंबईत जुलै २०२३ मध्ये पालकमंत्र्यांना थेट महापालिका मुख्यालयात कार्यालय मिळालं. नगरसेवक नसल्यामुळे वॉर्डातल्या कामांचा निधी आमदारांच्या मागणीवरून द्यायचं धोरण ठरलं, आणि तो निधी सत्ताधारी आमदारांकडे गेला, विरोधकांच्या मागण्या पडून राहिल्या, अशा बातम्या २०२४ च्या सुरुवातीला आल्या. विरोधी आमदाराच्या मतदारसंघातलं गटार काही विरोधी पक्षाचं नसतं. सभागृह असतं तर हा मुद्दा त्याच आठवड्यात पटलावर आला असता. सुमारे सहा हजार कोटींच्या रस्ते काँक्रिटीकरणाच्या कंत्राटांबद्दल शंका निघाल्या तेव्हाही त्या पत्रकार परिषदांत विचाराव्या लागल्या. पत्रकार परिषदेतल्या प्रश्नाला उत्तर देणं प्रशासनावर बंधनकारक नसतं. सभागृहातल्या प्रश्नाला असतं.

या साऱ्यात सर्वाधिक अन्याय कोणावर झाला असेल, तर माझ्या मते पुण्याच्या हद्दीत आलेल्या २३ गावांवर. ३० जून २०२१ ला ही गावं महापालिकेत समाविष्ट झाली. ग्रामपंचायती त्याच दिवशी संपल्या, सरपंच गेला, ग्रामसभा गेली. पुढच्या आठ-नऊ महिन्यांत महापालिकेची मुदतही संपली. म्हणजे नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या गावांतल्या माणसाला साडेचार वर्षं ना सरपंच, ना हक्काचा नगरसेवक. मिळकतकराच्या नोटिसा महापालिकेच्या, बांधकामाची परवानगी पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, आणि तक्रार ऐकायला कोणीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची साथ आली. पुणे परिसरात दोनशेहून अधिक रुग्ण आढळले, काही दगावले. हातापायातलं बळ अचानक जावं आणि तरण्याताठ्या माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागावं, असा हा आजार. नांदेड गावातल्या विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्राविना, केवळ क्लोरिन टाकून घरोघरी जात होतं, हे तेव्हा शहराला कळलं. नगरसेवक असता तर साथ आलीच नसती असं मी म्हणणार नाही, ते प्रामाणिकपणाचं होणार नाही. पण आमच्या विहिरीवर शुद्धीकरण केंद्र कधी बसवणार, हा प्रश्न मुख्य सभेत उभं राहून विचारणारा एकही माणूस त्या गावांकडे नव्हता, आणि तो नसणं हा कोणाच्या तरी निर्णयाचा परिणाम होता. ग्रामसभा काढून घेताना बदल्यात काय देणार, हे सरकारने गावकऱ्यांना सांगायला हवं होतं.

संभाजीनगरची कथाही पाण्याचीच. नळाला आठवड्याने, कधी दहा-दहा दिवसांनी पाणी येणारं ते शहर. १,६८० कोटींची पाणीयोजना पुढे २,७४० कोटींवर गेली. या वाढीव हजार कोटींवर महापालिकेच्या सभागृहात चर्चा झाली नाही, कारण सभागृहच नव्हतं. योजनेवर देखरेख करायची वेळ आली ती उच्च न्यायालयावर.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल या चार वर्षांत मला फारसं वाचायला मिळालं नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. विधानसभेत मात्र दहात एक आमदारसुद्धा स्त्री नाही. महापालिकेचे अधिकार प्रशासकामार्फत मंत्री-आमदारांकडे सरकले, याचा अर्थ निर्णय निम्म्या बायका असलेल्या खोलीतून जवळजवळ सगळे पुरुष असलेल्या खोलीत गेले. महिला नगरसेवकाचा नवराच कारभार पाहतो, हे वाक्य आपल्याकडे तोंडावर तयार असतं. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण पहिल्या मुदतीत नवऱ्याकडे पाहणारी बाई दुसऱ्या मुदतीत अधिकाऱ्याला फाइल मागते, हे ज्यांनी प्रभाग समितीच्या बैठका पाहिल्यात त्यांना ठाऊक आहे. सार्वजनिक स्वच्छतागृह, अंगणवाडी, बसथांब्यावरचा दिवा, पाण्याची वेळ, हे विषय या बायकांनी लावून धरले म्हणून पटलावर आले. चार वर्षं ते बळ घरी बसलं.

नगरसेवक नकोच म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या संपर्क कार्यालयात सकाळी जाऊन बसावं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर शिवरायांची तसबीर आणि पक्षाचं कॅलेंडर, टेबलामागे लेटरहेडचा गठ्ठा घेऊन बसलेला कार्यकर्ता. समोर कोण असतं? घरकाम करणारी बाई, जिला भाडेकरार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. रिक्षावाला, ज्याच्या वडिलांचं दवाखान्याचं बिल भागत नाही. चाळीतली चार पोरं, ज्यांच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलंय. आधारवरचा पत्ता बदलायला नगरसेवकाच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र चालतं. चार वर्षं ती सही करणारं कोणी नव्हतं. ‘माजी’ची सही चालत नाही. ज्याच्याकडे वीजबिल आहे, नोंदणीकृत करार आहे, ओळखीत एखादा अधिकारी आहे, त्याला यातलं काहीच जाणवलं नाही. माझ्या परिचयातली एक बाई याच दाखल्यासाठी माजी नगरसेवक, आमदाराचं कार्यालय आणि क्षेत्रीय कार्यालय अशा खेपा घालत राहिली. प्रत्येक ठिकाणी तिचा अर्धा दिवसाचा पगार बुडाला. तक्रारीसाठी ॲप आहे, हे खरं. त्या ॲपवर खड्ड्याचा फोटो टाकला की ‘तक्रार निकाली’ असा संदेश येतो आणि खड्डा जागेवर राहतो, हेही खरं. ॲपला जाब विचारता येत नाही, निवडणुकीत पाडता तर मुळीच येत नाही.

हे सगळं लिहिताना मला आपल्या नगरपालिकांचा इतिहास आठवतो, कारण आपण तो विसरलोय. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला तेव्हा सभागृहात एकट्या जोतीरावांनी विरोध केला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. ठराव अडला नाही, पण विरोध नोंदला गेला आणि दीडशे वर्षांनी आपल्याला माहीत आहे. महाडच्या नगरपालिकेने सुरेंद्रनाथ टिपणीसांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये चवदार तळं अस्पृश्यांना खुलं करणारा ठराव केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह त्या तळ्यावर पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्या पाठीशी नगरपालिकेचा तो कागद होता. त्याच नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो ठराव रद्द केला, हेही सांगायला हवं. निवडून आलेलं सभागृह नेहमी न्यायाच्याच बाजूने उभं राहतं असा भाबडा समज माझा नाही. ते चुकलं तर कोण चुकलं हे नावानिशी कळतं, आणि त्याच्याशी भांडता येतं, एवढाच माझा मुद्दा आहे.

आता सभागृह परत आलंय. ते ज्या रीतीने आलं त्यानेही मी समाधानी नाही. मतदानाआधीच राज्यभरात साठहून अधिक जागा बिनविरोध झाल्या. कल्याण-डोंबिवली, जळगाव, पनवेल इथे समोरच्यांनी धडाधड अर्ज मागे घेतले आणि लाभ सत्ताधारी आघाडीला झाला. इतकी वर्षं थांबलेल्या मतदाराला त्या जागांसाठी बटण दाबायची संधीसुद्धा मिळाली नाही, ‘नोटा’चं बटणही नाही. मुंबईतल्या प्रचारात महापौर कोणत्या धर्माचा आणि कोणत्या भाषेचा यावर जेवढं बोललं गेलं, त्याच्या एक दशांशही मलनि:सारणावर बोललं गेलं नाही. निकालानंतर नवनिर्वाचित नगरसेवकांना हॉटेलात नेऊन ठेवावं लागलं.

पण सगळ्यात मोठा दोष आहे तो चार सदस्यांच्या प्रभागाचा, म्हणजे एकाच प्रभागातून अ, ब, क, ड असे चार नगरसेवक निवडण्याचा, आणि त्याला आपल्याकडे पुरेसा विरोध होत नाही. पुण्यात २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. मग आघाडी सरकारने कायद्याने एकाचा केला, त्यांनीच पुन्हा तिघांचा केला आणि महायुतीने परत चौघांचा. मतदाराने मागितलं म्हणून यातला एकही बदल झालेला नाही. ज्या पक्षाला जे सोयीचं ते त्याने केलं. आज पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक आहेत. २०११ च्या जुन्या जनगणनेनुसारही एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांवर माणसं, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त. एवढ्या मोठ्या प्रभागात अपक्ष उमेदवार, चळवळीतला कार्यकर्ता, वस्तीतली शिक्षिका उभी राहूच शकत नाही. ज्याच्याकडे पक्षाचं पॅनल आणि भरपूर पैसा आहे तोच टिकतो. आणि निवडून आल्यावर? गल्लीत पाणी तुंबलं की अ म्हणतो हा भाग ब कडे आहे, ब म्हणते निधी क ने घेतला, ड फोन उचलत नाही. चौघांची मिळून जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही. मुंबईत एका वॉर्डाला एक नगरसेवक चालतो. मग नाशिक, नागपूर, सोलापूर, अकोल्याच्या मतदाराने असं काय केलं की त्याला तो मिळू नये? या प्रश्नाचं पटेल असं उत्तर मी आजवर कोणत्याही पक्षाकडून ऐकलेलं नाही.

म्हणून एक प्रभाग-एक नगरसेवक ही माझी पहिली मागणी. दुसरी मागणी क्षेत्रसभेची. गावात ग्रामसभा असते, तिथे सरपंचाला उभं करून हिशेब विचारता येतो. शहरातल्या माणसाला असं व्यासपीठच नाही. खरं तर महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद होऊन दीड दशकाहून जास्त काळ झाला. काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग करायचा, तिथल्या मतदारांची सभा घ्यायची, कामांचा अग्रक्रम त्यांनी ठरवायचा. तरतूद कागदावरच राहिली, कारण ना आमदाराला ती हवी, ना नगरसेवकाला, ना आयुक्ताला. नगरसेवकांवर राग असणाऱ्या माझ्या सुशिक्षित मित्रांनी खरं तर हा विषय हातात घ्यायला हवा. तुमचा राग प्रशासकराजच्या बाजूने खर्च करू नका. नगरसेवकाला दर तीन महिन्यांनी शाळेच्या हॉलमध्ये बोलावून समोर बसवण्यासाठी तो वापरा. तिथे तुमच्या शेजारी घरकाम करणारी ती बाईही बसेल, तिचाही प्रश्न तुम्हाला ऐकावा लागेल, आणि शहराबद्दलची तुमची समजूत थोडी बदलेल.

घाई यासाठी की वेळ फार नाही. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे आले की प्रभागांच्या सीमा पुन्हा आखल्या जातील, सदस्यसंख्या पुन्हा ठरेल, आणि मंत्रालयात बसून कोणी तरी आपल्या सोयीचा नकाशा काढेल. प्रारूप आराखडा जाहीर झाल्यावर हरकती नोंदवायला नेहमी थोडेच दिवस मिळतात. त्याआधी एक प्रभाग-एक नगरसेवक आणि सक्तीची क्षेत्रसभा या दोन मागण्या सभागृहाच्या ठरावात यायला हव्यात. तो ठराव मांडायला आता तिथे आपण निवडून दिलेली माणसं आहेत. त्यांच्या कार्यालयात जाऊन, लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन ही मागणी करायला या महिन्यापासूनच सुरुवात करता येईल.